चेनसॉचं सेटिंग टिकत नाही? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

"भाऊ, कालच तं सेटिंग करून नेली, आज पुन्हा बंद पडून राह्यली." पावसाआधीच्या छाटणीची घाई सुरू झाली की नागपुरात छोटी इंजिनं दुरुस्त करणाऱ्यांना ही तक्रार सारखी ऐकावी लागते. मशीन म्हणजे चेनसॉ, पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत; बहुधा २५ ते ३५ सीसीचं, हँडल वर असलेलं, दोरावर लटकवून झाडावर नेता येईल इतकं हलकं. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेतली जुनी झाडं छाटणाऱ्यांकडे ते असतं. काटोल-नरखेडकडचे काही बागायतदार संत्र्याची जाड सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढायला तेच वापरतात. तक्रार एकाच साच्याची: सकाळी छान चालतं, दुपारी रेस धरत नाही. किंवा दोन दिवस बरं चालतं, मग स्लोवर सोडलं की बंद. परत दुकान, परत स्क्रू, परत दोन दिवस.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या मशीनचे कार्बोरेटरचे, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचे, स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवावे लागतात, त्याचा बिघाड स्क्रूत नसतो.

स्क्रूवर स्प्रिंग असते, नाहीतर प्लास्टिकची टोपी असते. तो सहसा आपोआप फिरत नाही. कालची जागा आज चुकीची ठरत असेल, तर मधल्या वेळात इंजिनात जाणारी हवा बदलली किंवा पेट्रोल बदललं. स्क्रू फिरवून आपण तो बदल तेवढ्यापुरता झाकतो, आणि हे झाकणं महागात पडतं. टू-स्ट्रोक इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी पडतं, पिस्टन तापतो, ओरखडतो आणि सिलिंडरला धरतो. भर रेसवर चालणाऱ्या २५ सीसीच्या इंजिनात हे व्हायला फार वेळ लागत नाही.

आधी कार्बोरेटर समजून घ्या

मोटारसायकलच्या कार्बोरेटरवर हात बसलेल्या मेकॅनिकचा इथे हमखास घोळ होतो, कारण या कार्बोरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग, नाही. चेनसॉ आडवा, उलटा, नाक खाली कसाही चालावा लागतो. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल अशा वेळी सांडलं असतं. म्हणून इथे दोन डायाफ्राम, म्हणजे पातळ लवचिक पडदे, असतात. एक पंपाचा. क्रँककेसमध्ये पिस्टनच्या हालचालीने जो दाब आणि ओढ तयार होते, ती एका बारीक भोकातून किंवा नळीतून या डायाफ्रामपर्यंत येते आणि त्याला मागेपुढे हलवते. मिनिटाला १०,००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १६६ ठोके. त्या ठोक्यांवर टाकीतलं पेट्रोल वर ओढलं जातं.

दुसरा डायाफ्राम मोजणीचा, झाकणाखालचा. त्याच्या बाहेरच्या बाजूला साधी हवा असते आणि आतल्या बाजूला पेट्रोल. इंजिनाने ओढ घेतली की तो आत खेचला जातो, छोट्या तरफेला दाबतो, सुई उघडते आणि पेट्रोल आत येतं. ही सगळी हालचाल मिलिमीटरच्या अंशात होते. डायाफ्राम जरासा कडक झाला, तरफ थोडी वाकली किंवा सुईखाली कचरा अडकला की मोजणी बिघडते, आणि मग कुठल्याही स्क्रूची कुठलीही जागा दिवसभर बरोबर राहत नाही.

स्क्रू तीन. 'एल' स्लोच्या आणि रेस उचलण्याच्या पेट्रोलचा, 'एच' भर रेसच्या पेट्रोलचा, आणि 'टी' किंवा 'एलए' लिहिलेला स्लोची गती कमीजास्त करण्याचा. 'एल' आणि 'एच' घड्याळाच्या दिशेने फिरवले की पेट्रोल कमी होतं, उलट फिरवले की वाढतं. 'टी' मात्र पेट्रोलला हात लावत नाही; तो थ्रॉटलची पाकळी किती उघडी राहील तेवढंच ठरवतो. चेन स्लोवर फिरते म्हणून 'एल'ला हात घालणारे आणि मशीन बंद पडतं म्हणून 'टी' कसत नेणारे, दोघेही दुखण्याच्या दुसऱ्याच टोकाला औषध लावत असतात.

काही महागड्या नव्या मशीनवर स्क्रूच नसतात, मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ठरतं. त्यांनाही टाकी, नळी आणि हवेच्या गळतीबद्दल खाली जे लिहिलं आहे ते लागू आहे.

पहिली पाच मिनिटं

सायलेन्सर काढा आणि एक्झॉस्टच्या भोकातून टॉर्च मारून पिस्टन पाहा. बाजू गुळगुळीत असेल तर पुढे चला. उभे ओरखडे दिसत असतील तर कार्बोरेटर बाजूला ठेवा. त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलेलं असण्याची शक्यता मोठी आहे आणि सेटिंगने ते परत येणार नाही. सायलेन्सर हातात आहेच तर त्याच्या तोंडाची बारीक जाळी पाहा. जास्त तेल घालून, सारखं स्लोवर चालवलेल्या मशीनची जाळी कार्बनने बुजते आणि माणूस महिनाभर कार्बोरेटरला दोष देत बसतो. एअर फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून लावा. प्लगची फट ०.५ ते ०.७ मिलिमीटरच्या दरम्यान, मॅन्युअलमध्ये असेल ती. इतकं पुरे.

पेट्रोल

२०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आपल्याकडे विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. मोटारीला जे चालतं ते या इंजिनाला तसंच चालेल असं धरू नका. साध्या पेट्रोलचा एक किलो पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलोच. २० टक्के मिसळीचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे स्क्रू जुन्याच जागेवर असले, तरी आजच्या पेट्रोलवर मिश्रण पूर्वीपेक्षा पातळ, पेट्रोल कमी पडणारं होतं. मोटारीतला संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आपल्या मशीनवर ते काम पेचकसाने करावं लागतं. बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या चेनसॉ मॅन्युअलमध्ये इथेनॉलची मर्यादा १० टक्के दिलेली असते, आणि त्याचं कारण मुख्यतः रबर आणि पाणी हे आहे.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्धवट भरलेला डबा महिनाभर पडला आणि त्यात पाणी शिरलं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच लोळत असतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. शंका आली तर टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता आणि अर्धा तास हलवू नका. तळाशी वेगळा थर किंवा धुरकटपणा दिसला तर ते पेट्रोल इंजिनासाठी संपलं.

तेलाचं माप अंदाजाने नको. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. पशुवैद्यकाकडची मोठी सिरिंज यासाठी उत्तम. "जास्त तेल म्हणजे इंजिन सुरक्षित" हा समज फार पसरला आहे, पण तेल वाढलं की त्याच भोकातून जाणारं पेट्रोल तेवढं घटतं, म्हणजे मिश्रण उलट पातळ होतं. रोज वेगळ्या मापाने तेल पडत असेल तर सेटिंग रोज बदलणारच. टू-स्ट्रोकचं, 'एफडी' दर्जाचं तेल घ्या. चेनवर टाकायचं तेल टाकीत गेल्याचीही उदाहरणं आहेत. दोन्ही झाकणांच्या चिन्हांकडे लक्ष द्या.

टाकी, नळी, श्वास

तारेचा आकडा करून टाकीतला फिल्टर बाहेर ओढा. काळा, चिकट किंवा कडक असेल तर बदला. त्याची किंमत बघता धुण्यात अर्थ नाही.

आता नळी. वारंवार येणाऱ्या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं आणि बहुतेक वेळा ती नजरेतून सुटते. वरून ती चांगलीच दिसते. टाकीच्या भिंतीतून जिथे ती रबरी बुचातून आत जाते, तो भाग चिमट्याने बाहेर ओढा आणि अंगठ्यावर वाकवा. सरळ नळीत काही दिसत नाही. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूला केसासारख्या रेघा उघडतात. अशी एक रेघ पुरते. टाकी भरलेली असताना रेघ पेट्रोलखाली बुडलेली असते, मशीन ठणठणीत चालतं. टाकी निम्मी झाली की रेघ उघडी पडते, नळी पेट्रोलबरोबर हवा ओढते आणि मशीन अडखळायला लागतं. माणूस टाकी भरतो, मशीन पुन्हा चालतं, आणि त्याला वाटतं गरम झालं होतं. नळीच्या एका टोकाला हातपंप लावून, दुसरं टोक बोटाने बंद करून पाण्यात धरा आणि हलका दाब द्या, बुडबुडे सांगतील. नवी नळी घेताना इथेनॉल चालणारी मागा. ॲक्वेरियमची पारदर्शक नळी लावून वेळ मारून नेऊ नका, ती काही दिवसांत लाकडासारखी कडक होते.

टाकीला श्वास घ्यायला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मे महिन्यातली बारीक धूळ आणि ओला भुसा त्याच्या तोंडावर बसला की पेट्रोल उपसलं जातं पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालून मशीन उपाशी मरतं. थंड झाल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच मशीन सुरू झालं, तर चोर सापडला.

तापलेल्या मशीनचं झाकण मात्र कधीही झटकन उघडू नका. पारा ४५ च्या पुढे गेलेला असतो, टाकीत दाब साठतो, आणि पेट्रोल फवाऱ्यासारखं तोंडावर उडू शकतं. सावलीत ठेवा, निवू द्या, मग हळूहळू सैल करा.

उन्हाचा आणखी एक खेळ आहे. या मशीनमध्ये सगळं दाटीवाटीने बसवलेलं असतं. कार्बोरेटर सिलिंडरला चिकटून आणि टाकी लगेच शेजारी. भर दुपारी मशीन बंद करून डांबरी रस्त्यावर ठेवलं की सिलिंडरची उष्णता कार्बोरेटरमध्ये चढते आणि आतलं पेट्रोल उकळतं. मशीन लगेच सुरू होत नाही, अर्ध्या तासाने सावलीत होतं. हे सेटिंगचं दुखणं नाही. मात्र खात्री करण्यासाठी त्याच वेळी, गरम असतानाच, स्पार्क तपासा. स्पार्क गायब असेल तर इग्निशन कॉइल गरम झाल्यावर दगा देते आहे आणि कार्बोरेटर निर्दोष आहे. प्लग काढल्यावर पेट्रोलच्या वाफा बाहेर येतात. स्पार्क बघताना प्लग त्या भोकापासून लांब धरा.

मशीन हवा कुठून घेतं

हवेची गळती हा सगळ्यात घातक प्रकार. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट फाटतो, किंवा क्रँकशाफ्टचे ऑइल सील झिजतात, आणि कार्बोरेटरला न विचारता जास्तीची हवा आत शिरते. लक्षणं ओळखण्यासारखी आहेत: रेस सोडली तरी गती लगेच खाली येत नाही, काही क्षण तशीच लटकते. स्लो कधी वर, कधी खाली. 'टी' पूर्ण सैल केला तरी चेन फिरतच राहते. शेवटच्या लक्षणात एक फरक करा: इंजिनाची गतीच जास्त ऐकू येत असेल तर गळती, गती बरोबर असून चेन फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग तुटलेली किंवा सैल झालेली.

मशीन स्लोवर असताना एकदा क्लचच्या बाजूवर कलवा, मग फ्लायव्हीलच्या बाजूवर. एका बाजूला गती बदलली आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर सील किंवा बेअरिंगकडे संशय न्या.

पक्की परीक्षा दाबाची. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करायला सायकलच्या जाड ट्यूबचे तुकडे आणि पत्र्याच्या पट्ट्या चालतात. पिस्टन अशा जागी ठेवा की सिलिंडरची भोकं उघडी राहतील, प्लग लावा, आणि क्रँककेसकडे जाणाऱ्या ठोक्याच्या नळीतून मीटर असलेल्या हातपंपाने अर्धा बार दाब द्या. काटा उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. मग तितकीच ओढही देऊन पाहा, कारण काही सील दाबाला टिकतात आणि ओढीला हार मानतात. चालू मशीनवर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधण्याची पद्धत बाजारात आहे. गरम सायलेन्सर चार बोटांवर असताना मला ती मंजूर नाही.

गळती असताना 'एल' आणि 'एच' उघडून मशीन "चालतं" करता येतं, म्हणूनच ती इतकी वाईट. गळती रोज थोडी वाढत जाते आणि स्क्रू मागे मागे पळत राहतात, पिस्टन धरेपर्यंत.

डायाफ्राम आणि किट

मशीन वर्षातून एक-दोनदा निघत असेल, म्हणजे बागेत तोडा झाल्यावर सल काढायची आणि मग पेट्रोलसकट गोदामात ठेवायची, तर डायाफ्राम कडक झालेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मोजणीच्या बाजूचं झाकण काढा. डायाफ्राम हलकेच सोडवून दोन बोटांत धरून दाबा. चांगला असेल तर आवाज न करता वाकतो. गेलेला असेल तर वाळलेल्या पापडीसारखा कडकडतो, आणि उजेडासमोर धरला की कडेला घडीच्या पांढुरक्या रेघा दिसतात. तो आत-बाहेर व्हायचा थांबलेला नसतो, पण उशीर करतो. त्यामुळेच थंड मशीन एक वागतं आणि गरम मशीन दुसरं.

डायाफ्राम-पॅकिंगचं किट घ्यायला बाजारात जाल तेव्हा मशीनचं नाव सांगून भागत नाही. कार्बोरेटरच्या अंगावर वॉल्ब्रो किंवा झामा असं नाव आणि मॉडेलचा कोड कोरलेला असतो, तो लिहून न्या. उघडताना थर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढा. साधारणपणे पंपाच्या बाजूला आधी डायाफ्राम, मग पॅकिंग. मोजणीच्या बाजूला आधी पॅकिंग, मग डायाफ्राम. हे उलटं लागलं की मशीन सुरूच होत नाही किंवा जास्त पेट्रोल येऊन ओव्हर होतं. डायाफ्रामच्या मध्यावरचा खिळा तरफेच्या खाचेत अडकायचा असेल तर तो अडकला आहे ना, हेही बघा.

तरफेची उंची किटच्या मापपट्टीने तपासा. जास्त वर असेल तर पेट्रोल सतत जास्त येतं. जास्त खाली असेल तर कमी पडतं. वाकवताना सुईवर जोर पडू देऊ नका. पेट्रोलच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून स्वच्छ करा. किती तरी मशीन तेवढ्यावर जागी होतात. भोकांत तार घालू नका, ॲल्युमिनियमवर पडलेली एक चर कायमची मोजणी बिघडवते. स्प्रे आणि हवा पुरेशी आहे, फक्त डायाफ्राम काढल्यानंतर, आणि डोळ्यांवर चष्मा लावून.

'एच' फिरवल्यावर स्लोची चाल बदलत असेल तर मुख्य नोझलमधला उलट-हवा रोखणारा व्हॉल्व्ह गळतो आहे. हे लक्षण फार कमी लोक तपासतात. स्वस्त मशीनच्या कार्बोरेटरला अशा वेळी नवा बसवणं शहाणपणाचं. त्याचा व्हॉल्व्ह बदलण्यात तास घालवू नका.

आता सेटिंग

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. हे काम जमिनीवर करा, बार (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) आणि चेन लावून, चेन धारदार आणि बरोबर ताणलेली, कानावर संरक्षण, आसपास कुणी नाही. टाकी निम्म्याच्या वर.

स्क्रू हलवण्याआधी ते सध्या किती उघडे आहेत ते मोजा. हळूच आत नेत, बोटांच्या जोराने टेकेपर्यंत, फेऱ्या मोजा आणि लिहा. जोर लावला तर सुईचं टोक आणि तिची बैठक दोन्ही खराब होतात. हा आकडा बोलका असतो. अडीच फेऱ्या उघडा सापडला तर आधीच्या कुणीतरी पेट्रोल कमी पडण्यावर मात केलेली आहे: जाळी, नळी किंवा गळती पुन्हा बघा. अर्ध्या फेरीवर असेल तर सुई गळते किंवा तरफ वर आहे. बहुतेक मशीनची सुरुवातीची जागा दोन्ही स्क्रूंना एक फेरीच्या आसपास असते. मॅन्युअलमध्ये आकडा असेल तर तोच धरा. टोप्या असतील तर त्यांनी दिलेल्या हद्दीतच राहा. काही स्क्रूंची डोकी साध्या पेचकसाची नसतात, त्यांचे खास पेचकस बाजारात मिळतात.

काही मिनिटं खरोखरचं लाकूड कापून इंजिन गरम करा. मग स्लोवर सोडून 'एल' अगदी थोडा थोडा आत न्या. गती वाढत जाईल, मग डगमगून पडायला लागेल. तिथून बाहेर आणा: पुन्हा वाढेल, आणि पुढे जाऊन जड, धुरकट, लंगडी होईल. दोन्हींच्या मधे गती सगळ्यात जास्त असते ती जागा शोधा आणि तिथून साधारण अष्टमांश फेरी बाहेर या. आता एकदम रेस द्या. क्षणभर श्वास कोंडल्यासारखं थांबून मग उचललं तर पेट्रोल अजून कमी आहे. गुरगुरत, धूर सोडत उचललं तर जास्त. ही उचल झाडावरच्या माणसाला सगळ्यात जास्त लागते, कारण तो दर फांदीला रेस सोडतो आणि देतो.

मग 'टी'. चेन पूर्ण थांबली पाहिजे आणि इंजिन तरी चालू राहिलं पाहिजे. बहुतेक छोट्या मशीनचा स्लो मिनिटाला २८०० ते ३००० फेऱ्यांच्या आसपास असतो. स्लोवर फिरणारी चेन घेऊन कुणालाही झाडावर चढू देऊ नका. मशीन कमरेच्या दोराला, मांडीजवळ लटकत असतं.

शेवटी 'एच'. मोकळी भर रेस एका वेळी काही सेकंदच द्या. आवाज स्वच्छ, तीक्ष्ण किंकाळीसारखा एकसंध येत असेल तर पेट्रोल कमी आहे, लगेच रेस सोडा आणि 'एच' बाहेर आणा. आवाज फुटका, तडतडता होईपर्यंत उघडा. इंजिन अधूनमधून एक ठोका गाळतं आहे असं ऐकू येतं. मग लाकडाला लावा. ओझं पडताच तडतड थांबून आवाज साफ झाला पाहिजे आणि लाकडातून उचलताच तडतड परत आली पाहिजे. लाकडातही तडतडत राहिलं तर थोडं आत घ्या. हा बदल कानात बसवण्यासाठी वेळ द्या; या कामात मला सगळ्यात समाधान देणारा क्षण तोच आहे, कडुनिंबाच्या ओंडक्यात बार शिरतो आणि फुटका आवाज एकदम जुळून येतो.

कानावर विश्वास ठेवण्यात एक धोका आहे. काही मशीनच्या कॉइलमध्ये गती रोखणारी सोय असते. ठरलेल्या गतीला ती स्पार्क तोडते आणि तसाच तडतडता आवाज येतो. पेट्रोल कमी असूनही माणसाला वाटतं सेटिंग भरपूर आहे. अशा मशीनला टॅकोमीटर, म्हणजे फेऱ्या मोजणारं मीटर, लावा आणि मॅन्युअलमधल्या कमाल गतीच्या काहीशे फेऱ्या खालीच थांबा. 'एच' झाल्यावर 'एल' आणि 'टी' एकदा पुन्हा बघा, कारण भर रेसमध्येही 'एल'च्या वाटेने थोडं पेट्रोल जात असतं.

ऋतू आणि उंची

खरोखर स्क्रूनेच सुटणारा एकच वारंवार येणारा प्रश्न आहे, तो हवेचा. ४५ अंशांची हवा १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी विरळ असते. मे महिन्याच्या दुपारी बरोबर बसवलेलं मशीन डिसेंबरच्या पहाटे, दाट हवेत, पेट्रोलला कमी पडतं. आपल्याकडे सगळे उन्हाळ्याला घाबरतात, पण पिस्टनच्या दृष्टीने थंडीतली सकाळ जास्त जपायची असते. संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा संपून सल काढायला मशीन बाहेर निघतं ते नेमकं याच दिवसांत. चिखलदऱ्याचंही तसंच: नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, चिखलदरा ११०० च्या आसपास. तिथे 'एच' आत घेऊन नीट केलेलं मशीन खाली आणून तसंच चालवू नका.

देण्याआधी मशीन स्लोवर ठेवून नाक खाली, नाक वर, दोन्ही कुशींवर धरा. प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा आणि तिथूनच रेस द्या. चारही बाजूंना ते बंद न पडता उचलत असेल तर दोन्ही स्क्रूंच्या फेऱ्या, त्या दिवशीचं तापमान, कोणतं पेट्रोल आणि तेलाचं माप इतकं कागदावर लिहून पेटीत ठेवा. काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत स्लोवर चालवा, आणि थंडी सुरू झाली की कागदावरच्या आकड्यांपासून 'एच' थोडा बाहेर घेऊन पुन्हा ऐका.